गेटमधून बाहेर पडून डावीकडे

या शहरात कुठे काय आहे ते मला विचारावं, असं मी एकोणीस वर्षं ऐकत आलोय. बहुतेक वेळा माझ्याच तोंडून. चोवीस खोल्यांच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर असतो. बसतो असं म्हणत नाही, कारण काउंटरमागे खुर्ची नाही. एक उंच स्टूल आहे, पण त्यावर टेकलेला माणूस दिसला की मालकीणबाईंना हॉटेल बुडाल्यासारखं वाटतं.

मध्यंतरी असिस्टंट मॅनेजर निवृत्त झाले आणि त्यांची केबिन रिकामी पडली. केबिनला खिडकी आहे, पंखा आहे आणि मागे रेलणारी खुर्ची आहे. बाजूची दांडी ओढली की खुर्ची पाठीसकट मागे जाते. एकदा ते जेवायला गेले असताना मी बसून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला हॉटेलचं छत दिसलं. तेव्हापासून मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

अशात मालकीणबाईंनी सगळ्यांना लॉबीत बोलावलं.

"पाहुणे येतात, झोपतात, जातात," त्या म्हणाल्या. "शहरात काय खावं, काय बघावं, संध्याकाळी कुठे रमावं, काही कळत नाही त्यांना. प्रत्येक खोलीत एक कार्ड ठेवायचं. कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत अशी ठिकाणं हवीत. कोण लिहील?"

हाउसकीपिंगच्या मोठ्या बाईंनी किल्ल्यांच्या जुडग्यातून मान वर केली. पण तोवर माझा हात वर गेला होता.

"माझ्यावर सोडा. शहर पाठ आहे मला."

"कार्ड जमलं तर केबिनचंही बघू," मालकीणबाई म्हणाल्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल की लपवलं. माझं घर हॉटेलपासून सात किलोमीटरवर. हॉटेलची गाडी मला सकाळी आमच्या इमारतीच्या गेटवरून उचलते आणि हॉटेलच्या मागच्या दाराशी सोडते. संध्याकाळी उलट. हॉटेलच्या पुढच्या गेटमधून बाहेर पाऊल टाकायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

रविवारी आमच्या इमारतीच्या गेटजवळच्या बाकावर बसून मी कार्ड लिहिलं. डोळे मिटायचे, मनातल्या मनात चालत जायचं, उघडले की उतरवून काढायचं. तिन्ही ठिकाणं माझी लाडकी: मावशींची सहा टेबलांची खानावळ, एका चित्रकाराची माडी, आणि दर शुक्रवारी गाण्याची तालीम चालते ते सभागृह.

*जेवण: गेटमधून बाहेर पडून डावीकडे. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, तिसरं निळं दार. पाटी नाही. बेल वाजवा, संकोच करू नका.*

*कला: गेटमधून बाहेर पडून उजवीकडे. औषधांच्या दुकानाशेजारचा जिना. चपला बाहेर काढून शांत बसा. बोलावतील.*

*विरंगुळा: शुक्रवारी सहा वाजता, बागेसमोरचं सभागृह. मागे बसून ऐका. भाग घ्यावासा वाटला तर हात वर करा.*

बायकोनं वाचलं. "कुठल्या गेटमधून?"

"गेटमधून."

"अहो, पण कुठल्या?"

"वाचणाऱ्याला कळतं," मी म्हणालो. खुर्चीसाठी उशी शिवायला घेतली होती तिनं, चार कोपऱ्यांना चार बटणं लावलेली. त्यातच तिचं लक्ष होतं. माहेरी फोन करून बातमीही दिली होती, म्हणजे आता परतीची वाट बंद होती.

कार्डं खोल्यांत लागली. दुसऱ्याच दिवशी बारा नंबरमधलं जोडपं काउंटरवर आलं. दोघंही निवृत्त शिक्षक, चेहरे उजळलेले.

"काय ठिकाण सांगितलंत हो! साधं जेवण, पण हाताला चव आहे आजोबांच्या."

खानावळ मावशींची आहे. पण असतील भाऊबिऊ आलेले, म्हणून मी मान डोलावली.

"आणि माणूस किती आपुलकीचा. जेवण झाल्यावर झोपायची खोली दाखवली."

"झोपायची?"

"गादी दाबून बघा म्हणाले. न्हाणीघर दाखवलं. पाणी सकाळी साडेपाच ते सात येतं, हेही सांगितलं. आणि पैसे घ्यायला काही तयार होईनात."

मावशींनी धंदा वाढवलेला दिसतो, असं मला वाटलं. पैसे न घेता कसा वाढवला, हा विचार मी पुढे ढकलला. रिसेप्शनवर बरेच विचार पुढे ढकलावे लागतात.

मग सात नंबरमधले उंच गृहस्थ आले. ते कलेकडे गेले होते.

"फार वेगळं प्रदर्शन," ते म्हणाले. "काचेच्या कपाटात नुसते दात. प्लास्टरचे. वरचे, खालचे, वेडेवाकडे. माणसाच्या हसण्यामागे काय असतं, हे इतकं परखडपणे कुणी मांडलेलं मी पाहिलं नव्हतं."

आमचा चित्रकार गाई आणि होड्या काढतो. पण कलावंताचं काय, कधी कुठे वळेल सांगता येत नाही.

"तो स्वतः भेटला?"

"एकेकालाच आत घेतात. खुर्चीवर आडवं करतात, तोंडावर दिवा सोडतात. मला फक्त आ करा म्हणाले. मी आ केला. बराच वेळ तसाच होतो. माणूस किती असहाय असतो, ते आतून समजलं."

गालाला हात लावत ते लिफ्टकडे गेले.

शुक्रवारी नऊ नंबरमधले पंपांचे विक्रेते सभागृहात गेले. स्वभावानं मवाळ माणूस, चहा गार असला तरी तक्रार न करणारा. साडेआठला परतले ते काखेत फाइल आणि हातात रबरी शिक्का घेऊन.

"गाणं कसं होतं?" मी विचारलं.

"गाणं नव्हतं. लोक एकमेकांवर ओरडत होते. मला वाटलं, नाटक आहे. मग कोणीतरी विचारलं, पुढे यायला कोण तयार आहे? कार्डात लिहिलं होतं म्हणून मी हात वर केला." त्यांनी फाइल काउंटरवर ठेवली. "ती एका सोसायटीची सभा निघाली. मी आता तिचा सेक्रेटरी आहे. एकमतानं निवडून आलो. तिथे राहता का, हे कुणी विचारलंच नाही. माझी खोली एक आठवडा वाढवा, लिफ्टचा प्रश्न लटकलाय."

इथे तरी मला काहीतरी कळायला हवं होतं. पण अभिप्रायाची वही भरत चालली होती, पाहुणे मुक्काम वाढवत होते, आणि मालकीणबाई जाता-येता माझ्याकडे बघून हसत होत्या. त्या हसतात हेच आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. मी केबिनच्या खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा शोभेल याचा विचार करत होतो.

सोमवारी एक आजोबा काउंटरशी आले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, चेहरा दुखावलेला.

"तुमच्याकडून माणसं येतात," ते म्हणाले. "खोली भाड्यानं द्यायची म्हणून मी पेपरात जाहिरात दिलीय. जेवणासकट खोली आहे, म्हणून आलेल्याला जेवू घालतो. चव कळायला नको? जेवतात, खोली बघतात, छान आहे म्हणतात आणि निघून जातात. चौदा माणसं झाली. बायको गेल्यापासून घर खायला उठतं हो. एक माणूस राहायला आला असता तर बरं होतं. खोलीत काय वाईट आहे, तेवढं तरी सांगा."

"राहता कुठे आपण?" मी विचारलं.

"हे काय, इथून डावीकडे. टाकीपाशी उजवीकडे, तिसरं निळं दार."

चादरींची गाडी ढकलत मोठ्या बाई तिथूनच चालल्या होत्या. त्या थांबल्या. आजोबांना त्यांनी पाणी दिलं, खोली लवकरच जाईल असं सांगून दारापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन हळूच म्हणाल्या, "कार्ड तुम्ही घरी बसून लिहिलंत ना?"

मी काउंटरवरचं कार्ड उलटं करून ठेवलं.

"टाकी सगळीकडेच असते. औषधांचं दुकानही असतं. आपल्या शेजारच्या जिन्यावर दातांचे डॉक्टर आहेत."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मी रोज चालत येते. पण पाहुणे खूश होते, तुम्हीही खूश होतात. मी कशाला बोलू?"

त्या रागावल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो. त्या समजूतदारपणे बोलल्या, तीच अडचण झाली.

मालकीणबाईंना सांगून टाकावं असं ठरवून मी वळलो, तर त्याच समोर. "उद्या प्रवासावर लिहिणाऱ्या बाई येतायत. आपल्याकडे दहा दिवस राहणार. कार्डातली ठिकाणं तुम्ही स्वतः दाखवायची. त्या काय लिहितात ते बघू, आणि परवा केबिनचं करून टाकू."

सांगितलं असतं तर केबिन गेलीच होती. नाही सांगितलं तर निदान परवापर्यंत होती. मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलच्या पुढच्या गेटमधून बाहेर पडलो. लेखिकाबाई शेजारी, हातात वही. मी माझंच कार्ड चोरून वाचत चाललो होतो. आधी उजवीकडे. जिना चढून, चपला काढून, आम्ही एका बाकड्यावर बसलो. बाकडं भलतंच कडक होतं.

"तुम्ही हा अनुभव घेतला असेलच," त्या म्हणाल्या.

"कितीतरी वेळा."

"मग तुम्ही पुढे व्हा. मी नुसतं बघते."

आतून नंबर पुकारला. नाही म्हणायला मला एकच सेकंद मिळाला होता, तो मी हसण्यात घालवला. डॉक्टरांनी दिवा ओढला, आत डोकावले आणि म्हणाले, "हा कधीपासून असाय? काढावाच लागेल."

दारात लेखिकाबाई भराभर लिहीत होत्या. त्यांच्यासमोर मी काय म्हणणार? मी बोटानं खूण केली, चालू द्या.

अर्ध्या तासानं आम्ही निळ्या दाराशी पोचलो तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता आणि अर्धा चेहरा माझा वाटत नव्हता. आजोबांनी भात, वाटाण्याची भाजी आणि काकडी वाढली. त्या जेवल्या, मी बघितलं. मग आजोबा नेहमीसारखे त्यांना खोली दाखवायला घेऊन गेले. खिडकीशी टेबल होतं, बाहेर झाड होतं, कुठे आवाज नव्हता.

"मला पुस्तक पूर्ण करायला अशीच जागा हवी होती," त्या म्हणाल्या. "ही खरंच राहायला मिळते?"

"त्यासाठीच तर आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी लगेच गादी दाबून दाखवली.

मला सांगायचं होतं, की बाई, आपलं दहा दिवसांचं बुकिंग आमच्याकडे आहे, ही नुसती बघायची जागा आहे. माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून आजोबा म्हणाले, "बघा, यांनाही आवडली."

संध्याकाळी त्या हॉटेलमधून सामान घेऊन गेल्या. सहा महिन्यांसाठी. जाताना माझा हात हातात घेऊन त्यांनी मालकीणबाईंसमोर माझे आभार मानले.

मालकीणबाईंनी सगळं विचारलं. मी कापसातून सगळं सांगितलं. त्यांना काही कळेना, म्हणून शेवटी मोठ्या बाईंनी सांगितलं. न चिडता, माझी बाजू सांभाळून, कुठलं दार कुठे आहे ते बोटानं हवेत काढून दाखवत. मालकीणबाई तो हवेतला नकाशा बघत राहिल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून केबिनची किल्ली काढली आणि मोठ्या बाईंच्या हातात दिली. मोठ्या बाईंनी ती जुडग्यात अडकवली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण राग येईना.

नवं कार्ड मोठ्या बाईंनी लिहिलं. जुनीच तिन्ही ठिकाणं, फक्त सुरुवातीला "हॉटेलच्या पुढच्या गेटमधून" असं घातलं, आणि कलेपुढे कंसात "दात घासून जा."

किल्ली गेली त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको उशी घेऊन दारातच उभी होती.

"मिळाली खुर्ची?"

मी मान हलवली. मिळाली होती. मागे रेलणारी होती, बसल्या-बसल्या छतही दिसत होतं. पुढचं तोंडानं सांगता येईना, म्हणून खिशातली कागदाची पुडी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती उघडली, दात उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या गालाकडे पाहिलं.

"पुढची तारीख कधीची दिलीय?"

मी बोटांनी सांगितलं, शुक्रवार.

"मग उशी घेऊन जा," ती म्हणाली.

हल्ली नेतो. ते बाकडं खरंच फार कडक आहे.