कर्नलचा पिवळा रेनकोट

पाणी आत आलं तरी चालेल, पण बाहेरून बघणाऱ्याला माणूस कोरडा दिसला पाहिजे, असा रेनकोट शिवून मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं शिलाईचं दुकान होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

भगवंतराव त्यांचं नाव, पण गाव त्यांना कर्नल म्हणायचं. फौजेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. हैदराबादेला साहेबलोकांच्या एका क्लबात त्यांनी उभी हयात कारकुनी केली. रिटायर होताना कोण्या साहेबानं गोल्फची एक काठी आणि एक चेंडू बक्षीस दिला. तेवढ्या भांडवलावर हा माणूस रोज संध्याकाळी पाच वाजता, डोक्यावर हॅट चढवून, गावाबाहेरच्या माळावर गोल्फ खेळायला जायचा. माळावर ना खड्डा, ना झेंडा, ना दुसरा भिडू. काठी फिरवली की चेंडू जागेवर आणि ढेकूळ हवेत. धान्याच्या मोंढ्यातले हमाल म्हणायचे, म्हाताऱ्याला विटीदांडूचं याड लागलंय.

लागू दे बाबा. काठी त्यांची, खांदा त्यांचा, आपल्याला काय करायचंय? पण पावसाळा तोंडावर आला आणि कर्नल माझ्या दुकानाची पायरी चढले.

"मास्टर, पावसात गोल्फ खेळायला कपडा पायजे."

"पावसात घरी बसायला काय होतं?"

"बिलकुल न्हाई. एक दिवस नागा करायचा न्हाई."

आता रेनकोटात माझा हात धरणारा जालन्यात कोणी नव्हता, हे मी माझ्या तोंडानं सांगतोय, पण खरं आहे. सुई शिरली की कापडाला भोक पडतं आणि त्या भोकातून पाणी येतं. म्हणून मी शिवणीवर मेण वितळवून एकेक टाका बुजवायचो. पोस्टमनपासून इंजन ड्रायव्हरपर्यंत सगळे माझेच कोट घालायचे.

मी काळं मेणकापड दाखवलं. कर्नल म्हणाले, दुरून अंधार वाटतो. धनगराचं घोंगडं घ्या, थेंब आत येणार नाही, असं सुचवलं. खांद्यावर टाकून त्यांनी दुकानातच काठी फिरवली, माझ्या इस्तरीचा निखारा सांडला, आणि वर म्हणाले, दुरून मेंढक्या वाटतो. वैतागून म्हटलं, मग पोत्याची खोळ घ्या डोक्यावर, अख्खी शेतं त्याच्यात निंदून होतात. तर म्हणे, दुरून चेहरा दिसत न्हाई.

"अहो, दुरून बघतंय कोण तुम्हाला? माळावर गाढवं चरतात."

"दिसायला पायजे, मास्टर." एवढंच उत्तर.

शेवटी त्यांनीच कापड आणलं. पिवळंजर्द, चकचकीत प्लास्टिक, लोक जेवणाच्या टेबलावर घालतात तसलं. मी हात जोडले. म्हटलं, ह्याच्यावर मेण धरत नाही, शिवणन् शिवण गळेल.

"गळू द्या. भिजलो तर भिजलो. बाहेरून चमकलं पायजे. आन टोपडं जरा उंच घ्या."

आता सांगा, हलवायाला जाऊन म्हणायचं का, की जिलेबी कडू झाली तरी चालेल, रंग तेवढा आणा? कात्री खाली ठेवून ह्या माणसाला हाकलावं असं वाटलं. पण गिऱ्हाईक परत पाठवायची आमच्याकडं रीत नाही. कोट शिवला. आत माझ्या दुकानाची चिठ्ठी मात्र लावली नाही.

त्याचा काही उपयोग झाला नाही. गावात रेनकोट म्हणजे मास्टर, हे शेंबडं पोरही सांगेल. पाऊस लागला आणि चहाच्या हॉटेलात सुरू झालं, "काय मास्टर, तुमच्या कोटात कर्नल चिंब भिजून राह्यला की." पोस्टमननं तर शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. वीस वर्षांची अब्रू त्या पिवळ्या शिवणींतून गळायला लागली. म्हटलं, बस झालं. हा कोट अंगावरून उतरवून आणायचा.

पाचला छत्री घेऊन माळावर गेलो. पाऊस चांगला लागला होता. कर्नल चिखलात उभे, बाह्यांतून पाण्याच्या धारा, आणि काठी चालूच.

"काढा तो कोट," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते रस्त्यापलीकडं बघत होते. तिकडं क्षयाचा दवाखाना. बायकांच्या वॉर्डाच्या खिडकीत एक म्हातारी गज धरून उभी होती.

"आक्का हाय माझी," ते म्हणाले. "माय गेल्यावर हिनंच वाढवलं. भेटायला फक्त रविवारी सोडतेत. बाकीच्या दिवशी हितं नुसता उभा राह्यलो, तर वॉचमन म्हणला, बायकांच्या वार्डाकडं काय बघून राह्यला बुढ्ढे? मंग काठी आणली. गोल्फ खेळणाऱ्याला कोणी हाकलत न्हाई."

"आणि हा कोट?"

"मागच्या पावसाळ्यात मी भिजल्तो. तिनं पाह्यलं आन जेवणाचं ताट परत केलं. भाऊ भिजून राह्यला, म्हणली, घास उतरत न्हाई."

मला आणखीच राग आला. एवढं आधी सांगायला ह्या माणसाचं तोंड शिवलं होतं का? मेण धरणारं पिवळं कापड मी औरंगाबादेहून आणलं असतं.

खिडकीतून हात बाहेर आला. तळवा उलटा-सुलटा हलला. भिजलास का, असं विचारणं चाललं होतं.

"माझं तिला खरं वाटत न्हाई, मास्टर. तुम्ही सांगा."

मी त्यांच्या कॉलरीत हात घातला. सदरा पाठीला चिकटलेला, अंग गार पडलेलं. हात बाहेर काढला, छत्रीआड माझ्या धोतराला खसाखसा पुसला आणि खिडकीला दिसेल असा उंच धरला. त्याच हातानं खूण केली, खडखडीत कोरडा. मग त्या कोटाकडं बोट दाखवलं आणि छातीवर हात ठेवला, म्हणजे हा मी शिवलाय.

खिडकीतली म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग हात आत गेला.

"आता जेवल ती," कर्नल म्हणाले.