नऊ इंचांचा ओरखडा आणि तीन डबे

मंगळवार, १७ जानेवारी १९६७ रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी किनारा रस्ते विशेष उपविभाग, बोईसर, या कार्यालयाच्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर नऊ इंच लांबीचा पांढरा ओरखडा आढळून आला. मोटार आदल्या दिवशी वाणगावला पाहणीसाठी गेली होती. पाहणी समाधानकारक झाली. येताना सोबत ताज्या चिकूंची एक टोपली आली आणि ती उपअभियंता साहेबांच्या बंगल्यावर पोचली. टोपली सरकारी नसल्यामुळे तिची नोंद कुठेही नाही. ओरखड्याची आहे.

ओरखडा पहिल्यांदा दिसला तो हेडक्लार्क नागोरावांना. वस्तू हरवली तर नवी मागवता येते, पण वस्तूचा कागद हरवला तर ती वस्तू मुळात होती कशावरून, असं त्यांचं मत होतं. त्यांनी ओव्हरसियर भगवंतला बोलावलं. भगवंतने पोलादी पट्टी लावून लांबी मोजली, दिशा ‘ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे’ अशी लिहिली, मग मोटार वळवून उभी केल्यावर दिशा बदलते हे लक्षात येऊन ती खोडली. खाली ड्रायव्हर चंद्रभानची सही घेतली. ‘सदर ओरखडा माझ्या ताब्यातील वाहनावर असून त्याची लांबी मला मान्य आहे.’

चंद्रभानने सही केली, कारण चार वर्षांत त्याने नागोरावांनी पुढे केलेला कोणताही कागद वाचला नव्हता. तो जालन्याकडचा. चार वर्षं हंगामी होता. कायम होण्याचे त्याचे कागद नागोरावांच्या डाव्या खणात तयार पडले होते. फक्त एक दाखला कमी होता. ‘वाहन निर्दोष स्थितीत आहे’ असा तो दाखला, आणि तो अधीक्षक साहेब मार्चच्या तपासणीत देणार होते. कायम झाल्याशिवाय वसाहतीत खोली नाही, आणि खोलीशिवाय सासरे सुगंधाला पाठवायला तयार नव्हते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. चंद्रभान कचेरीच्या ओट्यावर झोपायचा. सासऱ्यांनी पत्रात लिहिलं होतं, ‘जावयाला पत्ता असावा, एवढंच आमचं म्हणणं. मुलगी मोटारीच्या पत्त्यावर पाठवता येत नाही.’

ओरखडा मार्चपूर्वी जायला हवा होता.

नवा रंग देणं शक्य नव्हतं. रंग देणं म्हणजे पुनर्निर्मिती, आणि तिला मुंबईची मंजुरी लागते. घासून पॉलिश करणं म्हणजे देखभाल, आणि ती उपअभियंत्यांच्या अधिकारात बसते. पालघरच्या एका दुकानदाराने पॉलिशचे तीन डबे पाठवले. लाल डब्यात जाडा मसाला, पिवळ्यात मध्यम, निळ्यात बारीक. सोबत त्याने पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली होती : ‘आधी बारीक लावून बघा. नाही गेला तर मध्यम. जाडा जपून वापरा. हा मसाला ओरखडा काढत नाही, आजूबाजूचा रंग ओरखड्याइतका खाली आणतो.’

नागोरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “पेन्सिलीने लिहिलंय,” ते म्हणाले. “शिवाय हा स्वतः विकणारा. त्याचं ऐकून निवड केली तर उद्या कोणी विचारेल, निवड तुम्ही केली की दुकानदाराने?”

तेव्हा तिन्ही डब्यांची रीतसर चाचणी सोमवारी घ्यायची ठरली.

शनिवारी सकाळी झाडायला येणाऱ्या रखमाबाईंनी मोटारीवरची धूळ पुसली. रखमाबाई सालवडच्या. त्यांनी ओरखड्यावर नख फिरवलं, नख नाकाशी नेलं, मग ओट्यावरच्या चंद्रभानच्या गोडेतेलाच्या बाटलीत बोट बुडवून रेघेवर चोळलं. चंद्रभान दात घासून परत येईपर्यंत साडेचार इंच ओरखडा नाहीसा झाला होता.

“रखमाबाई, काय केलं तुम्ही?”

“काय करनार? चिकूचा चीक हाय त्यो, डायवर. वाळला का असाच पांढरा बसतो. आमी बागेत कामाला जातो तवा हाताला रोज असतो. थांब, उरल्याला बी काडते.”

“हात लावू नका,” चंद्रभान म्हणाला, आणि धावत नागोरावांकडे गेला.

नागोराव आणि भगवंत येऊन बॉनेटपाशी उभे राहिले. भगवंतने पट्टी लावली.

“साडेचार.”

“नोंदीत नऊ आहे,” नागोराव म्हणाले.

“मग चांगलं झालं की, भाऊसाहेब,” चंद्रभान म्हणाला. “ओरखडा नव्हताच. चीक होता. पुसून टाकू आणि मोकळं होऊ.”

नागोरावांनी त्याच्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. “चीक कशाचा?”

“चिकूचा.”

“कोणत्या चिकूचा? पाहणीच्या अहवालात चिकू आहे का?”

“नाही.”

“मग जो चिकू आलाच नाही, त्याचा चीक कुठून येईल? बरं, आला असं धरू. मग ओव्हरसियरने नऊ इंच ओरखडा मोजला, तो खोटा. तू सही केलीस, ती खोटी. मी तीन डबे मागवले, ते विनाकारण. आणि खोट्या सहीचा माणूस कायम होतो का, ते तूच सांग.”

चंद्रभानने गोडेतेलाच्या बाटलीला बूच लावलं.

“भाऊसाब, ह्यो गेला तर बरं का वाईट?” रखमाबाईंनी विचारलं. त्या केरसुणी घेऊन मागच्या अंगणात गेल्या.

रविवारी दुपारी कचेरी बंद असताना चंद्रभानने उरलेला चीक तेलाने पुसला, आणि आपल्या ट्रंकेच्या किल्लीने त्याच जागी ओरखडा पाडला. चार वर्षं तो ही मोटार अंगावरच्या सदऱ्याने पुसत आला होता. किल्ली टेकवताना त्याने डोळे मिटले, त्यामुळे ओरखडा सव्वानऊ इंच झाला. सोमवारी भगवंतने मोजून शेरा मारला, ‘पाव इंच वाढ समुद्रकाठच्या हवामानामुळे.’

चाचणी सुरू झाली. डबे आवक क्रमांकाने घ्यायचे असल्यामुळे लाल डबा, म्हणजे जाडा, पहिला आला. चंद्रभानने ओल्या फडक्यावर मसाला घेऊन अर्धा तास घासलं. ओरखडा गेला. त्या जागी हातभर रुंद धुकट डाग आला, पण डाग हा या फाइलीचा विषय नव्हता.

“झालं की,” चंद्रभान कपाळ पुसत म्हणाला.

“कसं झालं?” नागोराव म्हणाले. “अजून दोन डब्यांची चाचणी व्हायची आहे. ओरखडाच नाही तर ते काढणार काय? पहिल्याला संधी दिली आणि बाकीच्यांना नाही, हा पक्षपात.”

“मग दुसऱ्या जागी पाडू.”

“जागा बदलली की तुलना बिघडली. त्याच जागी.”

किल्ली पुन्हा निघाली. पिवळा डबा लागला. ओरखडा गेला. पुन्हा किल्ली, मग निळा. बारीक मसाल्याने ओरखडा जायला पावणेदोन दिवस लागले, तरी गेला. तिन्ही डबे उत्तीर्ण झाले, आणि तिथेच अडचण आली. तिघेही पास झाले तर निवड कशी करणार?

भगवंतने शंका काढली की तिन्ही वेळा घासणारा हात चंद्रभानचाच होता, आणि त्याला ओरखडा जावा असं वाटत होतं. स्वार्थ असलेल्या हाताची चाचणी ग्राह्य धरता येत नाही. म्हणून तिन्ही डबे पुन्हा एकदा भगवंतच्या हातांनी, आणि दोन्ही निकालांत फरक पडू नये म्हणून आणखी एकदा नागोरावांच्या देखरेखीखाली शिपायाच्या हातांनी घासण्यात आले. दर वेळी ओरखडा चंद्रभानच पाडायचा. आता त्याला डोळे मिटावे लागत नव्हते. बरोबर नऊ इंच, पट्टीशिवाय, एका फटक्यात. भगवंतने त्याच्या कामाच्या पुस्तकात ‘ओरखडा पाडणे : अचूक’ अशी नोंद केली, आणि चंद्रभानला ती वाचून बरं वाटलं हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं.

सहाव्या चाचणीत काळा रंग संपून खालचं तांबडं अस्तर दिसू लागलं. आठव्या चाचणीत अस्तर संपलं. नवव्या ओरखड्याच्या वेळी किल्लीखाली पत्रा वाजला. फडकं फिरवल्यावर बॉनेटच्या मधोमध परातीएवढी चकाकती जागा उघडी पडली. किनाऱ्यावरच्या दांडी गावाकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने ती सकाळपर्यंत गंजायची. म्हणून रोज कचेरी उघडण्यापूर्वी चंद्रभान ती निळ्या डब्याने घासून ठेवायचा. ही चाचणी नव्हती, त्यामुळे तिची नोंद नाही.

“अहो, सगळा रंग गेला, भाऊसाहेब,” एकदा तो हळूच म्हणाला.

“रंगाबद्दल तक्रार आहे का कोणाची?” नागोरावांनी विचारलं. “तक्रार ओरखड्याची होती. ओरखडा आहे का?”

“नाही.”

“मग?”

अधीक्षक साहेब मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आले. त्यांनी हजेरीपट पाहिला, चहा घेतला, आणि मोटारीपाशी आले. चंद्रभान टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या खिशात सासऱ्यांचं ताजं पत्र होतं. चैत्रापर्यंत पत्ता कळवा, नाहीतर आम्हांला दुसरा विचार करावा लागेल, असं त्यात लिहिलं होतं.

साहेब बॉनेटवर वाकले. चकाकत्या पत्र्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी टाय सरळ केला आणि कानामागचे केस बसवले.

“ओरखडा कुठे होता?”

“इथेच, साहेब,” नागोराव म्हणाले.

“दिसत नाही.”

“नाही, साहेब.”

“छान. जुन्या रंगात माझं तोंड कधी इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. कोणता डबा वापरलात?”

निवड तर अजून झालीच नव्हती. नागोराव म्हणाले, “मध्यम, साहेब. तो मधला असल्यामुळे दोन्ही बाजूंना कमीत कमी चूक होते.”

साहेबांनी दाखल्यावर सही केली. शिवाय विभागातल्या बाकीच्या सहा मोटारी अशाच करून घेण्यासाठी बोईसरला पाठवाव्यात, असा आदेश लिहिला. त्यांतल्या चारांवर ओरखडे नव्हते, परंतु ती सोय आता बोईसरला उपलब्ध होती.

चंद्रभान एक एप्रिलपासून कायम झाला. वसाहतीत खोली मिळाली. पाचव्या दिवशी सुगंधा आली. दुपारच्या गाडीने उतरली, खोली झाडली, चूल पेटवली आणि दिवेलागणीला त्याला भाकरी वाढली. जेवताना तो सगळी हकीकत सांगत होता. जाडा मसाला कसा रंग खातो, बारीक कसा वेळ खातो, मध्यमची निवड का झाली. सुगंधा ऐकत होती. भाकरीचा दुसरा पदर ताटात टाकून तिने विचारलं,

“पण त्या दिवशी चिकूची टोपली मोटारीवर ठेवली कुणी?”

चंद्रभानचा घास हातातच राहिला. त्याने दाराकडे पाहिलं, उठून ते लावून घेतलं, आणि परत पाटावर बसला.

“असं विचारायचं नसतं,” तो म्हणाला. “मी आता कायम आहे.”

सुगंधाला बोईसरला येऊन तेव्हा जेमतेम चार तास झाले होते. तुम्ही पहिल्या परिच्छेदापासून इथे आहात, टोपली तुमच्यासमोरूनच बंगल्यावर गेली, आणि इतका वेळ तुम्हीही तीन डब्यांतला कोणता बरा तेवढंच पाहत होता. चंद्रभानच्या शेजारची खोली अजून रिकामी आहे. कायम होण्याचे तुमचे कागद सहज होतील.