चूक संपादकाची

अण्णा माती चाखायचे. शेतात शिरले की चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं तोंड करून सांगायचं, "उपाशी आहे हो!" पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतायत. मी उपाशी होतोच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सगळं नाशिक द्राक्षांवर फवारे मारत होतं, तेव्हा गिरणारे गावाच्या बाजूला हा माणूस नुसत्या शेणावर शेती करायचा आणि शेतातल्याच दोन खोल्यांतून आरोग्याचं मासिक काढायचा. तिथे मी उपसंपादक. नांदगावचा, बी.ए. मराठी, घराण्यातला पहिला पदवीधर. ही माहिती मी कुणी न विचारता देत असे, म्हणून अण्णा मला 'पदवीधर' म्हणूनच हाक मारत.

'युरिया' ही त्यांची एकमेव शिवी. मुळ्यावरच्या माझ्या पहिल्या लेखात मी 'आरोग्यरूपी नंदनवनातील शुभ्र कलिका' असं लिहिलं होतं.

"पदवीधर, हा मुळाच ना?"

"हो अण्णा."

"मग युरिया कमी टाका. नुसता फुगलाय."

एका अंकात दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या. एकीत गाजराचा रस, दुसरीत शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेला काला. मथळे मी स्वतः चिकटवले: 'पोटासाठी' आणि 'पिकासाठी'. उलटे.

पंधरा दिवसांनी विंचूरचे एक कांदेवाले वर्गणीदार अंक घेऊन दारात उभे.

"सायेब, तुमी लिवलं म्हून नाक धरून प्यालो. पोट लय साफ झालं. पन घरात कुनी जवळ बसंना!"

"आणि कांद्याला काय घातलंत?" अण्णांनी विचारलं.

"गाजराचा रस. बायको दोन दिस किसत व्हती. ती आता माज्याशी बोलत नाय."

अण्णांनी हात जोडले, त्यांना जेवायला बसवलं. मला मात्र ताटात पुढचा अंक दिसत होता. मासिकाचा नियमच होता: चूक झाली की पुढच्या अंकात करणाऱ्याच्या नावासकट छापायची. लोक आपल्या भरवशावर खातात, असं अण्णांचं म्हणणं. आणि आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दर महिन्याचा अंक नांदगावच्या बाजारात घेऊन फिरायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठल्या ओळीत असतं, तेवढं त्यांनी पाठ केलं होतं. आता दुसऱ्या कुणीतरी त्यांना ती नवी ओळ वाचून दाखवली असती.

पुढचा अंक छापून आला. मी थेट शेवटचं पान उघडलं. तिथे होतं, 'चूक संपादकाची.'

"अण्णा, संपादक तुम्ही. चूक माझी होती."

ते अंकांना कागदी पट्ट्या गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मागे एकदा माझ्या मुलाचं नाव छापलं होतं. त्याची चूक तुमच्याहून लहान होती."

"मग?"

"मग काय? पुण्यात असतो."

त्यांनी एक कोरी पट्टी आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

"पत्ता सांगतो. तुम्ही लिहा. माझं अक्षर दिसलं की तो अंक परत पाठवतो."