वहाळापलीकडची शीळ

आबा परबांना कुणी "कोकणी की मराठी?" असं विचारलं, की ते शीळ घालायचे. साधी नव्हे, चढत जाणारी, मध्येच गिरकी घेणारी आणि शेवटी फाटणारी. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराला आमच्या पेडण्यात राज्यभाषेचा हा प्रश्न चहाच्या दुकानापासून देवळापर्यंत कुठेही अंगावर यायचा. माणसं हमरीतुमरीवर यायची, आणि आमचे आबा इब्रामपूरच्या तिठ्यावर उभे राहून पाखरासारखे गायचे.

आधी तेही भांडले होते. जत्रेची पत्रिका कुठल्या भाषेत छापायची यावरून, सख्ख्या धाकट्या भावाशी. त्याला सगळे भाई म्हणतात. आबा मराठीवाले, भाई कोकणीवाले. मजा अशी, की दोघे भांडले ते एकाच बोलीत, आमच्या गावच्या. तिला काय म्हणायचं हे तिथे जमलेल्या कुणालाच ठरवता आलं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. मध्ये ओढ्याएवढा वहाळ; त्याच्या अलीकडे आबा, पलीकडे भाई.

याची झळ बसली मला. मी काजूचा व्यापारी. डोकीवर पाट्या वाहून वर आलेला माणूस; सौद्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. या दोघांचं सामाईक भाट, म्हणजे काजूची बाग, मला विकत हवं होतं आणि सही दोघांची लागणार होती. आबांचं उत्तर ठरलेलं: "भाईक इचारून सांगतंय."

"अहो, पण तुम्ही बोलता कुठे त्याच्याशी?"

"त्येचीच वाट बघतंय."

नाही म्हणणाऱ्याशी घासाघीस करता येते. वाट बघणाऱ्याशी काय करणार? माझं डोकं फिरायचं.

वाट कशी बघायचे, तर रोज सकाळी रानाच्या कडेला जाऊन तीच शीळ. लहानपणी रानातल्या एका कस्तूर पाखराची नक्कल करत दोघांनी ती बसवली होती. एकाने घातली की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आता उत्तर येत नव्हतं. आबा म्हणायचे, "आयकता तो. रागान गप रवता."

त्या हिवाळ्यात पणजीहून दोन पक्षीवाले आले. गळ्यात दुर्बिणी, अंगात पानांच्या रंगाचे शर्ट. त्यांना एक दुर्मीळ कस्तूर हवा होता. जीप माझी, म्हणून मीच त्यांना रानात नेलं. आम्ही शिरतोय तोच शीळ आली. एकाने माझा हात दाबून मला गप्प केलं, दुसऱ्याने टेपरेकॉर्डर सुरू केला.

"तोच! अगदी तोच!"

ती शीळ आबांची, हे मी ओळखलं. पण जीप दिवसभरासाठी ठरलेली. मी कशाला बोलू? वहाळापलीकडून ही टेप वाजवली की पक्षी उत्तराला बाहेर येईल, असं म्हणत ते दोघे पलीकडे गेले. मी संधी साधून आबांना गाठलं.

"आबा, आज काय तो निकाल लावा! किती दिवस ताटकळत ठेवणार?"

"भाईक इचारून..."

तेवढ्यात पलीकडून शीळ आली. चढली, गिरकी घेतली, फाटली.

आबांनी माझा दंड धरला. "आयकलंस मरे?"

"आबा, ती टेप..."

ऐकतंय कोण! चपला तिथेच टाकून ते वहाळात उतरले. मी शिव्या घालत मागे. या म्हाताऱ्याला खरं काय ते सांगायलाच हवं होतं.

भाई घरापुढच्या सोप्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांचे पुढचे दात या अबोल्यात पडले होते. मला ते ठाऊक होतं, आबांना नव्हतं. त्या तोंडातून शिळेऐवजी नुसता वारा निघाला असता.

"आयकली हां तुझी!" आबा अंगणातूनच ओरडले. "शेवट अजून तसोच फाटको!"

भाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उघडलेलं तोंड मिटलं.

भाईंनी खांद्यावरचा पंचा तोंडाशी धरला आणि सोप्यावर थोडे सरकून बसले.

"रोज घालतंय रे," पंच्याआडून ते म्हणाले. "तुका आजच आयकाक इली."