काका पाट्या वाचत नाहीत

काकूंनी काकांशी बोलणं टाकलं होतं. का टाकलं, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तरात "तेही कळत नाही का?" एवढंच मिळालं असतं. काकांना आठवत होतं ते इतकंच: काकूंचं चित्र पुरं झालं, त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि काकांनी चहाचा घोट घेत अगदी मनापासून म्हटलं, "वा! डोंगर झकास जमलाय." तेव्हापासून चहा वेळेवर येत होता, पण कप टेबलावर आदळल्याचा आवाज तेवढा त्यांच्याशी बोलत होता.

तेच चित्र आता पलीकडच्या गल्लीतल्या छोट्या चित्रदालनात लागलं होतं. संध्याकाळी उद्घाटन होतं. त्या निमित्ताने आसपासची एक-दोन खोल्यांची संग्रहालयंही दिवसभर सगळ्यांना खुली होती. "ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं," असं काकूंनी सकाळी फ्रीजला सांगितलं. फ्रीज जाग्यावरून हलला नाही, म्हणून काकांनी कोट चढवला.

संग्रहालय बघायची दोघांची तऱ्हा निराळी. काकू प्रत्येक वस्तूखालची पाटी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायच्या, जाता जाता आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचनासुद्धा. काका आत शिरले की बाक शोधायचे, आणि बाक नसला तर चहाची टपरी. "किटली समोर दिसतेय ना?" ते म्हणायचे. "मग खाली 'किटली' लिहिलेलं वाचून मला नवीन काय कळणार?"

पहिलं संग्रहालय नेमकं किटल्यांचंच निघालं. तिथे काकांना एक आरामखुर्ची सापडली आणि त्यांचा डोळा लागला. खुर्चीवरची 'बसू नये' ही पाटी त्यांच्या पाठीखालून मिळाली तेव्हा दोघांना नम्रपणे दार दाखवण्यात आलं.

दुसरं कुलपांचं. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, भिंतभर कुलपं आणि मालकाचा पत्ता नाही. मधल्या टेबलावर एक लोखंडी बेडी होती, दोन कडी आणि मध्ये वीतभर साखळी. शेजारी लांबलचक पाटी. काकूंनी चष्मा लावून ती वाचायला घेतली. काका बाक शोधत होते. बाक नव्हताच. ते हळूहळू जिन्याकडे सरकू लागले.

"जरा हात बघू तुमचा," काकू म्हणाल्या.

इतक्या दिवसांनी थेट त्यांना उद्देशून शब्द! काकांनी हरखून हात पुढे केला. खट्! दुसरं कडं काकूंच्या मनगटात आधीच होतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "लागली की."

"लागली की काय? उघड ना!"

"चावी कुठाय?"

काकांनी जिन्यातून हाका मारल्या, तेव्हा खालून शिंपी ओरडला, "मालक घरी गेलेत. किल्ली आत राहून दार लागलंय, बायको बाहेर उभी आहे. येतील दार उघडलं की!"

"घ्या," काका म्हणाले. "ह्याला स्वतःचं कुलूप उघडत नाही. आपण इथेच थांबू."

"आणि माझं उद्घाटन?"

"असं जायचं? लोक काय म्हणतील?"

"काहीही म्हणू देत. डोंगर म्हणाले नाहीत म्हणजे मिळवली."

हे काकांना कळलं नाही. उकडतंय म्हणून मघाशीच काढून दुसऱ्या हातावर घेतलेला कोट त्यांनी बेडीवर टाकला आणि दोघं निघाली. पहिल्याच दिव्याच्या खांबाला काका डावीकडून गेले, काकू उजवीकडून, आणि खांबाने दोघांना परत एकत्र आणलं. समोरून शेजारीण आली. "काय हे, या वयात हातात हात!" ती म्हणाली. काका कानापर्यंत लाल झाले. काकू मात्र बऱ्याच दिवसांनी हसल्या.

चित्रदालनातल्या बाई अगत्यशील. "कोट द्या, मी अडकवते," म्हणत त्यांनी तो ओढलाच. साखळी लखलखली. हातात कागदी पेले घेतलेली सगळी मंडळी चित्राकडे पाठ करून या दोघांकडे पाहू लागली.

"हाही कलाकृतीचाच भाग का?" एका दाढीवाल्याने विचारलं.

एरवी काका एव्हाना टपरीवर असते. आता पळायला वीतभरच जागा होती. शेवटी काकांनी घसा साफ केला.

"हा डोंगर बघा," ते चित्राकडे हात करून म्हणाले. काकूंचा हातही वर गेला. "दिसायला साधाच. पण याच्या पायथ्याशी जी राहते तिला विचारा. हा हलत नाही, बोलत नाही, कामाला म्हणून उपयोग नाही. पण सकाळी खिडकी उघडली आणि हा जागेवर नसला, तर तिला कसं वाटेल?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आणि बेडी?" दाढीवाल्याने विचारलं.

"डोंगर पळून जाऊ नये म्हणून," काका म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

एवढ्यात कुलूपवाले धापा टाकत आत आले. "अहो, माझी बेडी! शिंपी म्हणाला..."

"आधी चावी लावा!"

"कसली चावी? जादूगाराची बेडी आहे ती. बिजागरीवर अंगठा दाबला की सुटते." त्यांनी दाबला, सुटली. "एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिलंय!"

काका मनगट चोळत वळले. "अगं, तू तर नळकांड्यावरचंही वाचतेस."

काकू शेजारचं चित्र भलत्याच बारकाईने बघू लागल्या. "तुम्ही चहाला पळाला असतात," त्या चित्रालाच म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले. "आजपासून आपणही पाट्या वाचायच्या." आणि सुरुवात म्हणून ते जवळच्याच, काकूंच्या चित्राखालच्या पाटीपाशी वाकले. वाचून सरळ झाले. चित्र पाहिलं. पुन्हा वाकले.

पाटीवर लिहिलं होतं: 'दुपार. झोपलेला नवरा.'

डोंगराचा मुख्य उंचवटा त्यांना आता नीट ओळखू आला. त्याच्यावरची ती निळी चादरही घरचीच होती.

"मी..." काकांनी आवाज खाली आणला, "एवढा दिसतो?"

"छे हो," काकू समजुतीने म्हणाल्या. "कॅनव्हासवर मावला तेवढाच काढलाय."