पांजरपोळ मुका जाहला, त्याची हकिकत

श्री. न बोलणाऱ्याचेही जो ऐकतो, त्यास दंडवत घालोन लिहितो ऐसे जे, शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, माघमासी महाराज शिकारीत घोड्यावरून पडले, आणि पदरच्या कुत्रीने भुंकभुंकोन माणसे गोळा केली म्हणोन जीव वाचला. मग महाराज संतोष पावोन बोलिले, "मुक्या जनावरांचा सोहळा करा. पांजरपोळातील बेवारशी आहेत, त्यांस आधी जेवू घाला."

हुकूम कोतवाल रायाजीराव भदाणे यांजकडे आला. रायाजीराव अक्षराचे पक्के, अर्थाचे कच्चे. पांजरपोळात पाऊल टाकिले, तो कोपऱ्यातून एका आंधळ्या कुत्र्याने आरोळी दिली, आणि मग सगळ्यांनीच एकच गिल्ला केला. तो आंधळा म्हणजे रायाजीरावांचाच खैऱ्या! डोळे गेले तेव्हा त्यांनीच त्यास तेथे टाकिला होता, आणि त्याने वासावरोन धनी ओळखिला. रायाजीरावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि शरमेचा राग होऊन बोलिले, "ही मुकी कुठली? चांगली बोलकी आहेत! हुकूम मुक्यांचा. दार लावा, आणि सोहळा आटोपताच यांस रानात हाकला!"

राखणदारीण चिमाबाई म्हणाली, "अहो सरकार, आंधळं जितराब हो ते! रानात लांडगे फाडतील त्याला."

"गप! सगळे गप!" ऐसे रायाजीराव गरजले, आणि पांजरपोळ तत्क्षणी गप्प जाहला.

सोहळ्यादिवशी भर दुपारी चौकात हारतुरे जाहले, आणि महाराजांच्या कुत्रीने तोंड उघडिले, तो आवाज नाही. मग पोपट मुके, कोंबडे मुके, बैलांच्या गळ्यातील घुंगरेही वाजेनात. आणि सारी जनावरे हारांसकट उठोन पांजरपोळाच्या दारापुढे जाऊन बसली, कोणाची पापणी लवेना. लोकांची पाचावर धारण बसली. महाराज बोलिले, "कोतवाल, काय करोन बसलात?"

रायाजीराव पुढे गेले, दार उघडिले. खैऱ्या दिसताच डोळे भरोन आले. 'चुकलो रे, घरी चल' ऐसे म्हणावयास तोंड उघडिले, तो घशातून भुंकणे निघाले! खैऱ्याने शेपटी हलविली, हात चाटिला, आणि हाकेस ओ द्यावी तैसा भुंकला. मग एकेका जनावरास कंठ फुटला. रायाजीरावांची वाचा मात्र परतली नाही.

तेव्हापासोन त्या राज्यात चाल पडली, की सोहळ्यादिवशी पांजरपोळातील एकेक जनावर घरोघर न्यावे. खैऱ्या धन्याच्या मांडीवर वारला. रायाजीराव पांजरपोळाच्या दारी बसोन राहिले, आणि कोणी नवे जनावर टाकोन गेला, की भुंकोन त्यास आत बोलावीत, आणि ते जात असे. येणेप्रमाणे जाहले, तैसे लिहिले.