हिंदुरावांच्या होडीतलं टेबल

"माझ्या होडीत बसून ताटातला रस्सा सांडला, तर मिश्या उतरवीन!" असं हिंदुरावांनी भर पारावर सांगून टाकलं, तेव्हाच खरं तर त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, वस्तरा शोधायला घ्यायला हवा होता.

हिंदुराव नेव्हीतून रिटायर होऊन साताऱ्याजवळ आपल्या गावी आले होते. ज्या तालुक्यात दर दोन घरांआड एक फौजी, तिथं पलटणीच्या गोष्टींना कोण विचारतो! पण नेव्हीवाला गावात हा एकटाच. त्यामुळे हिंदुरावांचा रुबाब काही वेगळाच होता. आता त्यांची सगळी नोकरी जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी गेली, आणि जहाज कुठल्या दिशेला चाललंय हे त्यांना बंदर आल्यावर वरच्या लोकांकडून कळायचं, ही गोष्ट त्यांनी पारावर कधी काढली नाही. कुणी विचारलीही नाही.

अशा या माणसानं मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं लिलावात काढलेली शिडाची होडी विकत घेतली. खंडाळ्याजवळचा घाट चढताना ट्रकवर ती होडी बघून लोकांनी "प्रलय येणार हाय का ओ?" असं विचारलं म्हणे. होडी गावाशेजारच्या धरणाच्या पाण्यात उतरली आणि हिंदुराव सुखी झाले. मुक्ताबाई मात्र झाल्या नाहीत.

याला कारण त्यांचे थोरले बंधू मानसिंगदादा. दादा सांगलीत विश्रामबागेत राहायचे. ऊस भरपूर, बंगल्यावर भलीमोठी डिश अँटेना, अंगात कायम पांढरी शुभ्र सफारी आणि सफारीत न मावणारं पोट. मागच्या खेपेला हिंदुरावांनी त्यांना हौसेनं होडीवर जेवायला नेलं. दादांनी ताट मांडीवर घेतलं, वाऱ्याचा एक झोत आला आणि तांबडा रस्सा अख्खाच्या अख्खा सफारीवर! मिश्यांचा विषय हिंदुरावांनी पुन्हा काढला नाही. तेव्हापासून दादांनी एकच लावून धरलं होतं, ही होडी माझ्या मळ्यावर पाठवून द्या, म्हशींना पाणी प्यायला झकास टाकी होईल!

"दादा रविवारी येतोय," मुक्ताबाईंनी बजावलं. "त्याला होडीवर नीट जेवू घातलंसा, तर होडी ऱ्हाईल. न्हाईतर त्याच दिवशी ट्रक बोलावणार हाय मी. म्हशी तरी दुवा देतील!"

म्हशी! समुद्रावर वाढलेली ती होडी, आणि तिच्यात तोंड घालून फुर्र करणारी दादांची जाफराबादी! रात्रभर हिंदुरावांना झोप नाही. सकाळी उठून त्यांनी अर्जुना सुताराला गाठलं.

"अर्जुना, होडीत टेबल बसवायचं. हाललं न्हाई पायजे."

अर्जुनाचा हात बैलगाडीवर बसलेला. त्याच्या हातची वस्तू दरीत पडली तरी दरीचंच नुकसान व्हायचं. "हाललं तर नाव बदला माजं!" तो म्हणाला आणि बाभळीची फळी घेऊन हजर झाला.

होडी तेव्हा रंगासाठी काठावर ओढून ठेवलेली होती. सुकाणू काढून घराच्या पडवीत उभं केलेलं. होडीच्या मागच्या अंगाला बसायची खोलगट जागा होती, तिला गावानं 'हौद' असं नाव ठेवलं होतं. हौदाला दोन्ही बाजूंनी बाकं. अर्जुनानं मधोमध टेबल धरलं, एक डोळा मिटला आणि विचारलं, "दादा कुटल्या अंगाला बसणार?"

"डावीकडं. का रं?"

"मग त्येंचं प्वाट कुटं ठिवायचं?"

प्रश्न बिनतोड होता. दोघांनी हातवारे करून दादांच्या पोटाचा अंदाज घेतला आणि टेबल उजवीकडे सरकवलं. खाली गाडीच्या आसाला मारतात तसले बोल्ट ठोकले. बोल्टची टोकंही अर्जुनानं हातोड्यानं चेचून चपटी केली, म्हणजे पुन्हा निघायची भानगड नको! शिडाचा दोर जिला बांधायचा ती खुंटी टेबलाखाली गेली, पण हात घातला की लागत होती. हिंदुराव टेबलावर उभे राहिले, उड्या मारल्या. टेबल हललं नाही. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी अर्जुनाला कडक सॅल्यूट ठोकला.

रविवारी दादा आले. हौदात उतरले, बाक आणि टेबल यांच्यामध्ये श्वास आत ओढून बसले आणि श्वास सोडला. तो सोडल्यावर ते तिथं असे घट्ट बसले, की टेबल आणि दादा यांत वेगळं काढायला काही उरलं नाही.

"दाजी, बेष्ट!" दादा टेबलावर थाप मारत म्हणाले. "ह्याला म्हनत्यात व्यवस्था!"

मुक्ताबाईंनी मटणाचं पातेलं टेबलावर ठेवलं. हिंदुरावांनी शीड चढवलं, आदल्या दिवशी बसवलेल्या सुकाणूचा दांडा हातात धरला आणि होडी निघाली. वारा पाठीवर होता. रस्सा पातेल्यात शहाण्यासारखा बसून होता. म्हशी दूर दूर जाताना हिंदुरावांना स्पष्ट दिसल्या.

धरणाच्या मधोमध जुन्या गावातल्या मारुतीच्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर डोकावत होतं. गाव उठलं तेव्हा मूर्ती नव्या गावठाणात नेली, पण म्हातारी माणसं अजून काठावरून त्या शिखराला हात जोडत. शिखर जवळ आलं तशी हिंदुरावांनी होडी डावीकडे घ्यायला दांडा उजवीकडे ओढला.

टण्!

दांडा टेबलावर आपटला. पुन्हा ओढला. पुन्हा टण्! आता हिंदुरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. दांडा डावीकडे जात होता, उजवीकडे टेबल होतं. म्हणजे होडी फक्त उजवीकडे वळणार!

"आवं, काय वाजतंय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. टेबल किती मजबूत हाय ते बघतोय."

त्यांनी होडी उजवीकडे वळवली आणि परतीचा विचार केला. पण आता वारा समोरून होता. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही, तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी न्यावं लागतं. इथं तर डावीकडचा रस्ता अर्जुनानं बोल्ट ठोकून बंद केलेला! उजवीकडे वळत वळत होडी शिखराला अख्खा वळसा घालून परत होती तिथं आली. वळताना शिडाखालची आडवी काठी सूंकन या बाजूची त्या बाजूला आली.

"वाका!" हिंदुराव ओरडले.

तिघंही खाली वाकले. दादांचं कपाळ टेबलाला टेकलं.

दुसऱ्या वळशालाही तेच. "वाका!" तिघंही वाकले. तिसऱ्या वळशाला दादांनी भाकरी मोडली होती, ती हातातच राहिली.

काठावर म्हसरं पाजायला आलेल्या लोकांनी हे बघितलं. नेव्हीवाल्याची होडी, देव उजव्या हाताला ठेवून, बुडालेल्या मारुतीला फेऱ्या घालतेय! आणि दर फेरीला तिघंही माथा टेकवतायत! जुन्या देवळाला प्रदक्षिणा घालायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. हां हां म्हणता काठ माणसांनी भरला. "बजरंगबली की जय!" असा गजर पाण्यावरून आला, तेव्हा मुक्ताबाईंनी आधी काठाकडे, मग शिखराकडे आणि शेवटी पातेल्याकडे बघितलं.

"अगं बया! मारुतीला मटान घिऊन फेऱ्या घालताय व्हय?" त्यांनी पातेल्यावर पदर टाकला आणि दादांच्या हातातली भाकरी काढून घेतली.

"मुक्ते, भूक लागलीया मला!"

"फेऱ्या होस्तवर गप ऱ्हा!"

"कवा व्हनार फेऱ्या?"

हे खुद्द हिंदुरावांनाही ठाऊक नव्हतं. शीड उतरवलं की सुटका होती, पण दोराची खुंटी टेबलाखाली, आणि खुंटीच्या तोंडाशी दादांचे गुडघे. "दादा, जरा सरकता का?" दादा सरकले नाहीत. सरकणं त्यांच्या हातात उरलेलंच नव्हतं.

इतक्यात काठावरून गूळ आटवायची भलीमोठी रिकामी काहिल पाण्यात टाकून गावातला ज्ञानू वल्हवत निघाला. हिंदुरावांचे डोळे भरून आले. "ये रं गड्या! दोर घे, ओढ आमाला!"

ज्ञानू जवळ आला. त्यानं काहिलीतून एक नारळ काढून मुक्ताबाईंच्या हातात दिला, दोर घेऊन काहिल होडीच्या मागं बांधली आणि हात जोडून मांडी घालून बसला. "चालू द्या, मालक. माजीबी एक फेरी धरा."

"आरं, सोडव की आमाला!"

"एवढ्यात? काठावर एकशेआठ बोलत्यात!"

एकशेआठ ऐकून दादांनी हंबरडा फोडला. शेवटी मुक्ताबाईंनीच मनावर घेतलं. होडीत गोडंतेल नव्हतं, पण पातेल्यावर तर्री होती. त्यांनी देवाची क्षमा मागितली, पळीनं वरची तांबडी तर्री काढली आणि दादांच्या पोटावर, टेबलाच्या कडेवर सढळ हातानं ओतली. हिंदुरावांनी खांद्याला धरून ओढलं. बूच निघावं तसे दादा निघाले. शीड खाली आलं. पळीत शिल्लक राहिलेल्या तर्रीकडे बघून दादांनी आवंढा गिळला.

ज्ञानूनं नाराज होऊन होडी काठाला ओढली.

हिंदुरावांनी मान खाली घातली. आता दादा 'म्हशी' म्हणणार आणि सगळं संपणार. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत तांबडेलाल, तेलानं निथळणारे दादा काठावर उतरले. गर्दीतून एक म्हातारी पुढं आली, दादांच्या पोटाला बोट लावून ते बोट तिनं कपाळाला टेकवलं.

"शेंदूर!" कुणीतरी म्हणालं. "तेल-शेंदूर अंगावर घिऊन बसलं हुतं ओ! केवढी भक्ती!"

माणसं पाया पडायला लागली. हार आला. दादांनी तोंड उघडलं, हाराकडे बघितलं, तोंड मिटलं आणि ते गंभीरपणे म्हणाले, "ही होडी म्हंजे लहान गोष्ट न्हवं. ती हितनं हालनार न्हाई. आमची मुक्ता सांभाळंल."

हिंदुरावांनी मनातल्या मनात टोपी उडवली. होडी वाचली! दुसऱ्याच दिवशी ते अर्जुनाला आणि त्याच्या करवतीला घेऊन काठावर गेले. तर गाव आधीच उभं!

"टेबल कापायचं न्हाई. देवानंच होडीला उजवं वळन लावलंय."

"आरं, बोल्ट मी मारलं हैत!" अर्जुनानं सांगून बघितलं.

"मारलं तूच, पन सुचवलं कुनी?"

अर्जुनानं डोकं खाजवलं, दादांचं पोट आठवलं आणि हात जोडले.

आता दर शनिवारी होडी फेऱ्या घालते. मटण अर्थातच बंद. टेबलावर नारळांची रास असते. सुकाणूवर मुक्ताबाई. त्यात शिकायचं असं काही नाहीच, एकीकडेच तर वळवायचं! विश्रामबागेतून दादा गाड्या भरभरून पाहुणे पाठवतात. पहिल्या शनिवारी हिंदुराव होडीत चढून बसले, तर मुक्ताबाईंनी त्यांना उठवलं.

"आवं, तुमी उतरलासा की दोन बायका बसत्यात."

हिंदुराव उतरले. लोक होडीत चपला घालून चढत नाहीत, त्या काठावरच काढतात. कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच. परवा सांगलीचा एक पाहुणा आला, नवे कोरे बूट त्यांच्यापुढे काढून ठेवत म्हणाला, "बाबा, जरा ध्यान ठेवा. होडी कुणाची म्हनायची ही?"

"माझी!" हिंदुराव छाती काढून म्हणाले.

"वा! घरचीच सेवा म्हना की!" म्हणत पाहुण्यानं मोजेही काढून त्यांच्या हातात दिले.